संकटात सोशल मीडिया कसा चालवावा: पासवर्डपासून शेवटच्या पोस्टपर्यंत

१३ जानेवारी २०१८ ला सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या लोकांच्या मोबाईलवर इशारा आला: क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या. इशारा चुकून गेला होता. राज्याच्या गव्हर्नरांना हे ८ वाजून ९ मिनिटांनी कळले. त्यांच्या ट्विटर खात्यावर मात्र धोका नसल्याचे उमटले ८ वाजून २४ मिनिटांनी. आपल्याला खात्याचे लॉग-इन आणि पासवर्ड माहीत नव्हते, अशी कबुली त्यांनी पुढे स्वतःच दिली. मोबाईलवर दुरुस्तीचा संदेश पोहोचेपर्यंत तर ३८ मिनिटे उलटली होती.

संकटातला संवाद बहुतेक वेळा अशाच किरकोळ गोष्टींवर अडतो. मजकूर सुचत नाही म्हणून क्वचितच उशीर होतो. फोन कोणाकडे आहे, ‘टाका’ म्हणायचे कोणी, पुढची पोस्ट किती वाजता, हे ठरलेले नसते म्हणून होतो. म्हणून इथे भाषेइतकीच जागा घड्याळाला दिली आहे. डोळ्यांसमोर आहे ती दोन ते पाच माणसांची टीम. मोठ्या संस्थांतही खऱ्या अर्थाने काम तेवढेच लोक करतात.

किल्ल्या कोणाकडे आहेत?

एका कागदावर संस्थेची सगळी खाती लिहून काढा. कधीकाळी कोणीतरी उघडलेली आणि आता विसरलेली खातीही त्यात धरा. प्रत्येक खात्यासमोर तीन नावे हवीत, कारण एक जण प्रवासात असतो, दुसऱ्याचा फोन बंद असतो. फेसबुक पेजवर एकापेक्षा जास्त अ‍ॅडमिन नेमता येतात, तेव्हा एकच पासवर्ड गावभर फिरवू नका. टू-फॅक्टर सुरक्षा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय, हवीच. पण ओटीपी एकाच माणसाच्या वैयक्तिक नंबरावर येत असेल, तर ऐन वेळी तुम्हीच बाहेर अडकता. ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरा, बॅकअप कोड छापा आणि लिफाफ्यात घालून दोन वेगळ्या जागी ठेवा. नोकरी सोडून गेलेल्यांचा प्रवेश त्याच दिवशी बंद करा.

२३ एप्रिल २०१३ ला असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे ट्विटर खाते हॅक झाले आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याची खोटी बातमी त्यावरून गेली. काही मिनिटांतच अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक शंभराहून अधिक अंकांनी घसरला आणि बातमी खोटी ठरल्यावर सावरला. त्याआधी कर्मचाऱ्यांना फिशिंगचा, म्हणजे पासवर्ड काढून घेणारा फसवा, ई-मेल आला होता. म्हणजे खात्याची सुरक्षा हाही संकटाच्या तयारीचाच भाग आहे.

आणखी एक पथ्य: संस्थेचे खाते आणि स्वतःचे खाते एकाच अ‍ॅपमध्ये उघडे ठेवू नका. घाईत अंगठा चुकतो.

मंजुरीची साखळी दोनच कड्यांची

प्रत्येक पोस्ट पाच जणांनी पाहायची असेल तर वेळ जातोच, शिवाय वाटेत ‘ध’ चा ‘मा’ होतो. मजकुराचे आधीच तीन गट पाडून ठेवा.

पहिला गट विनामंजुरी जाणारा: घटना आम्हाला कळली आहे, आधीच ठरवलेली सुरक्षेची सूचना, पुढची माहिती किती वाजता. दुसरा गट एका वरिष्ठाच्या होकाराने जाणारा: परिस्थितीतला बदल, किती भागावर परिणाम झाला, सेवा कधी सुरू होईल. तिसरा गट प्रमुख आणि कायदेशीर सल्लागार दोघांनीही पाहायचा: कारण, जबाबदारी, मृत्यू, भरपाई. दुसऱ्या गटासाठी दहा मिनिटांची मर्यादा लेखी घालून घ्या. उत्तर आले नाही तर पर्यायी वरिष्ठाचा होकार पुरेसा मानायचा. हे शांततेच्या काळात सहीनिशी ठरवा. संकट सुरू असताना हा नियम कोणीही मान्य करत नाही.

तुमचेच साधन बंद पडले तर?

२८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा कोलमडली, तेव्हा सेवांची स्थिती दाखवणारा त्यांचा फलकही काही काळ बदलता येईना, कारण तो त्याच सेवेवर अवलंबून होता. कंपनीला ट्विटरचा आधार घ्यावा लागला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळजवळ सहा तास एकदम बंद होते. त्या दिवशी ज्यांचा सगळा संपर्क या तिघांवर होता, त्यांच्याकडे लोकांशी बोलायला काहीच उरले नाही.

तेव्हा निदान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची माध्यमे, वेबसाइटवर एक हलके, कमी चित्रांचे पेज आणि एसएमएसची यादी एवढे हवेच. टीममधल्या माणसांचे फोन नंबर कागदावर हवेत. वीज किंवा इंटरनेट गेले तर ऑनलाइन ठेवलेली यादी उघडत नाही.

पहिली पंधरा मिनिटे

१. शेड्यूल केलेल्या सगळ्या पोस्ट, जाहिराती, ई-मेल आणि चॅटबॉटची आपोआप जाणारी उत्तरे थांबवा. मजकूर लिहिण्याच्याही आधी हे करायचे. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट कंपनीच्या बर्गरमध्ये घोड्याचे मांस सापडले. ते प्रकरण तापलेले असतानाच त्यांच्या ग्राहकसेवा खात्यावरून आधीच शेड्यूल केलेली ‘झोपायला जातो’ अशा अर्थाची पोस्ट गेली. इंग्रजीत तिचे शब्द होते ‘हिट द हे’, आणि ‘हे’ म्हणजे गवत, घोड्याचा चारा. कंपनीला माफी मागावी लागली.

२. नोंदवही उघडा. वेळ, काय कळले, कोणाकडून, काय टाकले, कोणी मान्य केले, असे पाच रकाने पुरतात. पुढे चौकशी झाली तर हीच वही कामाला येते.

३. जागेवरच्या जबाबदार माणसाला तीनच प्रश्न विचारा: नक्की काय झाले आहे, धोका कोणाला आहे, लोकांनी आत्ता काय करायचे? ‘असे ऐकले आहे’ आणि ‘मी पाहिले आहे’ यांतला फरक वहीत लिहा.

४. पहिली पोस्ट टाका. सगळे कळेपर्यंत थांबू नका. जेवढे पक्के आहे तेवढेच लिहा आणि काय माहीत नाही तेही सांगा.

पहिल्या पोस्टची चिरफाड

समजा, पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थेला नळाच्या पाण्यात जंतू आढळले आहेत. सवयीने हातातून उतरणारा मजकूर असा असतो:

‘काही तांत्रिक कारणास्तव पाण्याच्या गुणवत्तेबाबत तक्रारी प्राप्त झाल्या असून संबंधित विभागामार्फत आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे. नागरिकांनी घाबरून न जाता सहकार्य करावे.’

वाचणाऱ्याने पाणी प्यायचे की नाही? कोणत्या भागात? कधीपासून? यातले काहीच कळत नाही. कळते ते एवढेच, की काहीतरी गडबड आहे आणि सांगणारा सारवासारव करतो आहे. ‘घाबरू नका’ म्हटल्याने भीती कमी होत नाही. हाताला काम दिले की ती बरीच आवरते. आता हे पाहा:

‘सकाळी ७.४०. पूर्व भागातील नळाच्या पाण्यात जंतू आढळले आहेत. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि दात घासण्यासाठी पाणी उकळूनच वापरा. उकळी फुटल्यानंतर किमान १ मिनिट उकळू द्या. पश्चिम भागातील नमुन्यांत जंतू आढळलेले नाहीत. जंतू कुठून आले ते अजून कळलेले नाही, तपासणी सुरू आहे. पुढची माहिती सकाळी ८.४० वाजता, याच पेजवर.’

वेळ, जागा, काय करायचे, काय माहीत नाही आणि पुन्हा कधी भेटायचे, हे सगळे यात आले. घटनेत कोणाला इजा झाली असेल तर त्याबद्दलचे एक साधे, मनापासूनचे वाक्य सूचनेच्या आधी घाला. एकच, आणि विशेषणांशिवाय.

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) साध्या खात्याला २८० अक्षरांची मर्यादा असते आणि तिथे प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. त्यामुळे मराठीत जेमतेम चाळीसेक शब्द बसतात. त्यासाठी छोटा मजकूर वेगळा तयार ठेवा:

‘सकाळी ७.४०: पूर्व भागाच्या नळाच्या पाण्यात जंतू आढळले. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी पाणी उकळूनच वापरा (उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट). कारणाचा शोध सुरू. पुढची माहिती सकाळी ८.४० वाजता.’

धोक्याच्या काळातल्या संवादाचे अभ्यासक व्हिन्सेंट कोव्हेलो यांचा २७-९-३ हा नियम प्रसिद्ध आहे: २७ शब्द, ९ सेकंद, ३ मुद्दे. वरचा मजकूर जवळपास त्याच मापाचा आहे. ताणलेल्या मनात याहून जास्त शिरत नाही.

एक सावधगिरी मात्र भाषेच्या पलीकडची आहे. ‘उकळून प्या’ ही सूचना जंतूंवर चालते. पाण्यात रसायन मिसळले असेल तर उकळून ते निघत नाही, उलट पाणी आटल्याने काही द्रव्यांचे प्रमाण वाढते. तयार नमुना उचलून चिकटवण्यात हाच धोका असतो. वाक्य निर्दोष असते आणि सल्ला चुकीचा. म्हणून सूचनेची ओळ त्या विषयाच्या जाणकाराने त्या दिवशी, त्या घटनेसाठी पाहिलीच पाहिजे.

वेळ मजकुरातच का लिहायची?

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट क्रमाने दिसत नाहीत. सकाळची पोस्ट एखाद्याला दुसऱ्या दिवशी दुपारी दिसते. स्क्रीनशॉटमध्ये ‘२ तासांपूर्वी’ असे असते, पण कशाच्या दोन तासांपूर्वी ते कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर कॉपी होऊन फिरू लागला की मूळ सांगणाराही गळून पडतो. म्हणून पहिल्याच ओळीत संस्थेचे नाव, तारीख, वेळ आणि जमल्यास क्रमांक द्या: ‘माहिती क्र. ४’. चित्र बनवत असाल तर ती वेळ चित्रावरही हवी, कारण फॉरवर्ड होते ते चित्र, त्याखालचा मजकूर नाही. आणि सगळा मजकूर चित्रात कोंबू नका. दृष्टिहीन व्यक्तींच्या स्क्रीन रीडरला तो वाचता येत नाही आणि कमकुवत नेटवर्कवर चित्र उघडतही नाही.

सविस्तर माहिती एकाच जागी ठेवा, शक्यतो स्वतःच्या वेबसाइटवरच्या एका पेजवर. बाकीच्या माध्यमांनी तिकडे बोट दाखवायचे. इन्स्टाग्रामच्या पोस्टखाली टाकलेली लिंक दाबता येत नाही, ती स्टोरीत किंवा बायोमध्ये द्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल झटपट पोहोचते, पण एकतर्फी असते. तिथे प्रश्न येत नाहीत, म्हणून ते दुसरीकडे ऐकावे लागतात.

नव्या संकटासाठी नवे वेबपत्ते काढू नका. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीतून कोट्यवधी लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने मदतीसाठी वेगळ्याच नावाची साइट उघडली. मग तिच्याच ट्विटर खात्यावरून ग्राहकांना वारंवार चुकीचा पत्ता दिला गेला, कारण पत्त्यातले शब्द उलटसुलट झाले होते. ती साइट एका प्रोग्रामरने धोका दाखवून देण्यासाठी बनवलेली होती, म्हणून निभावले. लिंक कधीही आठवून टाइप करू नका. एकाच फाइलमधून कॉपी करा आणि टाकण्यापूर्वी दुसऱ्याच फोनवर उघडून पाहा.

दिलेली वेळ पाळणे

८.४० ला नवीन काही हाती नसते, आणि बहुतेक टीम इथेच घसरतात. सांगण्यासारखे काही नाही म्हणून गप्प बसतात आणि ८.५० पर्यंत खाली ‘काय लपवताय?’ सुरू होते. पोस्ट टाकायचीच:

‘सकाळी ८.४०. परिस्थिती ७.४० सारखीच आहे. पूर्व भागात पाणी उकळणे सुरू ठेवा. आणखी १२ ठिकाणचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचले. या तपासणीला १८ ते २४ तास लागतात, त्यामुळे आज निकाल अपेक्षित नाही. पुढची माहिती सकाळी ९.४० वाजता.’

यातले ‘१८ ते २४ तास’ महत्त्वाचे. जंतूंची वाढ करून पाहण्याच्या नेहमीच्या चाचणीला तेवढा वेळ लागतोच. प्रयोगशाळेला न विचारता कोणी ‘संध्याकाळपर्यंत निकाल’ लिहिले, तर संध्याकाळी संस्था खोटी ठरते. जे काम दुसऱ्याच्या हातात आहे त्याची वेळ त्यालाच विचारून लिहा.

पहिले चार तास दर तासाला, मग दर दोन-तीन तासांनी, रात्री एकदा आणि पहाटे एकदा, असा ताल बहुतेक संस्थांना झेपतो. जीव धोक्यात असेल तर अर्धा तास. झेपणार नाही असे अंतर जाहीर करू नका. तासाभराने सांगतो म्हणून तासाने येणारा माणूस, दहा मिनिटांनी सांगतो म्हणून चाळीस मिनिटांनी येणाऱ्यापेक्षा भरवशाचा वाटतो. एकाने लिहायचे, दुसऱ्याने आकडे आणि वेळा मोठ्याने वाचून तपासायच्या, तिसऱ्याने ऐकायचे. आठ तासांहून जास्त कोणालाही बसवू नका. थकलेला माणूस शून्य चुकवतो.

कानोसा

संस्थेचे नाव देवनागरीत, रोमन लिपीत आणि लोक करतात त्या चुकांसह शोधत राहा. येणाऱ्या प्रतिक्रियांचे चार ढीग करा: मदतीची हाक, प्रश्न, अफवा, राग. मदतीच्या हाकेला कमेंटमध्ये लांब उत्तर देत बसू नका. तातडीच्या सेवेचा नंबर द्या आणि ती हाक फोनवरून पुढे कळवा. कोणाचाही पत्ता किंवा फोन नंबर उघड कमेंटमध्ये मागू नका. वारंवार येणाऱ्या पाच प्रश्नांची उत्तरे पिन केलेल्या पोस्टमध्ये घाला. रागावलेल्या कमेंट राहू द्या. शिवीगाळ, खासगी माहिती आणि जिवाला घातक सल्ला एवढेच काढा, आणि काय काढता ते आधी जाहीर केलेले असू द्या.

तक्रार करणाऱ्यांना गाठून ‘आम्ही ग्राहकसेवेतून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागणारी बनावट खाती अशा वेळी हटकून उगवतात. ‘आम्ही कधीही ओटीपी मागत नाही’ ही ओळ दिवसातून दोनदा टाका.

अफवेला उत्तर कधी, कसे?

प्रत्येक अफवेला उत्तर दिले की तीन माणसांपुरती असलेली अफवा तीन हजारांना कळते. ती पसरते आहे का, तिच्यावर विश्वास ठेवून कोणाचे नुकसान होईल का, आणि खरे काय ते आपल्याला पक्के माहीत आहे का? तिन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तरच बोला. पसरते आहे, घातकही आहे, पण खरे काय ते कळलेले नाही, अशा वेळी ‘याची खातरजमा झालेली नाही, तपासतो आहोत, अमुक वाजता सांगतो’ एवढेच.

रचना अशी: आधी खरे, मग खोट्याचा ओझरता उल्लेख, मग पुन्हा खरे. अफवेचा स्क्रीनशॉट द्यायचाच तर त्यावर मोठी फुली मारून द्या, नाहीतर तुमच्याच पेजवरून ती नव्याने सुटते. जानेवारी २०११ च्या पुरात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड पोलिसांनी खुलाशांसाठी ‘मिथबस्टर’ हा एकच हॅशटॅग ठेवला, त्यामुळे लोकांना ते एका जागी सापडत गेले. १७ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटाप्रकरणी अटक झाल्याच्या बातम्या काही मोठ्या वाहिन्यांनी दिल्या. बॉस्टन पोलिसांनी एका वाक्यात सांगितले की अटक झालेली नाही. वाहिन्यांवर टीका करण्यात शब्द घालवले नाहीत.

२२ जुलै २०१६ ला म्युनिकमध्ये गोळीबार झाला, तेव्हा शहराच्या इतर भागांतूनही गोळीबाराच्या खोट्या खबरा येत राहिल्या. पोलिसांनी जर्मनसोबत इंग्रजी, फ्रेंच आणि तुर्कीतही माहिती दिली आणि कारवाईचे फोटो-व्हिडिओ टाकू नका असे बजावले. तुमच्या लोकांना कोणत्या भाषा कळतात आणि त्या कोण लिहील, याची यादी आजच करा. आपोआप भाषांतर करणाऱ्या साधनावर ‘प्या’ आणि ‘पिऊ नका’ सोपवू नका.

चूक आपलीच असेल तेव्हा

चुकीची पोस्ट गुपचूप काढू नका. स्क्रीनशॉट कोणीतरी घेतलेला असतोच. चूक साधी असेल तर खाली ‘दुरुस्ती’ असा शब्द लिहून बरोबर माहिती द्या. चुकीचा नंबर किंवा घातक सूचना गेली असेल तर नोंदीसाठी स्क्रीनशॉट घ्या, पोस्ट काढा आणि लगेच सांगा: ‘९.१० च्या पोस्टमधला नंबर चुकीचा होता, ती काढली आहे. बरोबर नंबर हा.’

माफीची गोष्ट वेगळी. ९ एप्रिल २०१७ ला युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून एका प्रवाशाला फरफटत उतरवले गेले आणि व्हिडिओ जगभर फिरला. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या निवेदनात प्रवाशांची ‘पर्यायी व्यवस्था’ करावी लागल्याबद्दल दिलगिरी होती. लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले होते त्याचे निवेदनात नावही नव्हते. ११ एप्रिलला पूर्ण माफी आली, पण तोवर पहिले निवेदनच चेष्टेचा विषय झाले होते. मराठीतही अशा पळवाटा आहेत: ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’, ‘अनवधानाने घडलेला प्रकार’. कर्ता लिहा. ‘आम्ही बोलावलेल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी एका प्रवाशाला ओढत नेले. हे चुकीचे होते. आम्ही माफी मागतो.’ कायदेशीर सल्लागाराचा शब्दांना आक्षेप असेल तर वाक्य छोटे करा, गोल करू नका.

मृतांचे आकडे एकाच अधिकृत व्यक्तीकडून घ्या आणि ‘दुपारी २ पर्यंत’ असे लिहा. नावे कुटुंबीयांना कळल्याशिवाय कधीही नाहीत.

आवरताना

शेवटची पोस्टही वेळ घालून टाका: सूचना मागे घेतली, आता काय करायचे (वरच्या उदाहरणात साचलेले पाणी वाहू द्या, जुना बर्फ टाकून द्या), कारणाचा अहवाल कधी. जुन्या इशाऱ्यांवर ‘ही सूचना आता लागू नाही’ अशी ओळ चढवा, नाहीतर त्या महिन्यांनीही फिरतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. त्यांनी दुरुस्तीचे काम उघड्या दस्तऐवजात आणि यूट्यूबवर थेट दाखवले, नंतर काय चुकले तेही सविस्तर छापले. इतका उघडेपणा प्रत्येक प्रसंगात शक्य नसतो. पण अहवालाची तारीख जाहीर केली असेल तर त्या तारखेला काहीतरी द्यावेच लागते.

आठवड्याभरात नोंदवही घेऊन बसा. घटना कळली ती वेळ आणि पहिली पोस्ट पडली ती वेळ यांतले अंतर काढा, आणि त्यातले प्रत्येक मिनिट कोणापाशी अडले ते लिहा. तालीम वर्षातून दोनदा पुरे. पाऊण तास, कार्यालयाबाहेरून, ज्याची पाळी नाही अशा माणसाच्या फोनवरून, आणि सुरुवात लॉग-इनपासून.